पळसाचे डाग

घिवलीचे लोक बळवंत चुरीला चिडवत, की दारात एवढा समुद्र सोडून हा गडी रोज सायकल हाणत बोईसरला जातो ते कशाला, तर डबकं धुवायला. बळवंत हसून सोडून द्यायचा. डबकं कसलं, कारखानदारांच्या क्लबातला पोहायचा तलाव होता तो. ब्याऐंशी साली बांधला, तेव्हापासून त्याच्यावर बळवंताचाच हात फिरत होता. तळाचं पांढरं सिमेंट आरशासारखं ठेवायची त्याला हौस होती, आणि पाण्यात कुणी बिडीचं थोटूक टाकलं तर तो मेंबर आहे की कोण हे न बघता ओरडायचा.

तलाव बांधणाऱ्या मुंबईच्या मिस्त्रीनं जाताना त्याला एक गोष्ट शिकवली होती. डाग दिसला की लगेच घासत सुटायचं नाही, आधी त्याला त्याचं कूळ विचारायचं. चहासारखा तपकिरी असेल तर पाल्यापाचोळ्याचा. जुन्या पायमोज्यात ब्लीचिंग पावडर भरून दोरीनं त्याच्यावर सोडायची, सकाळपर्यंत डाग उडालेला असतो. ब्लीचिंगनं उलट काळा पडला तर समजायचं धातूचा आहे, बोअरच्या पाण्यातून नाहीतर गंजलेल्या खिळ्यातून उतरलेला. त्याला लिंबूसत्त्व. आणि दोन्हीला दाद देत नसेल तर तलाव उपसायचा आणि ॲसिड मारायचं. पण ॲसिड हे शेवटचं औषध, कारण ते डाग खातं तसं सिमेंटही खातं. ही विद्या बळवंताला चार वर्षं पुरली. पाचव्या वर्षी जे वर आलं त्याचं कूळ मात्र त्या मिस्त्रीच्या बापालाही सांगता आलं नसतं.

त्याची सुरुवात तलावात नव्हती, घरात होती. बळवंताचा थोरला भाऊ नरहरी चौऱ्याहत्तर साली मनोरच्या बाजाराला विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन गेला. करंड्या विकल्या गेल्या, हे बघणारे लोक होते. नंतर तो हायवेला उभा होता, हेही कुणी कुणी सांगितलं. त्यानंतर नाही. भांडण नाही, तंटा नाही, बाईबिईची भानगड नाही. असा धडधाकट माणूस दुपारच्या उन्हात विरघळून जावा, याला काय म्हणायचं? त्याची बायको शालू तेव्हा लग्न होऊन वर्षाची. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी गेली नाही, दुसरं घर बघितलं नाही. वाडीला पाणी लावायचं, पानवेली उतरवायच्या आणि रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ठसठशीत कुंकू लावायचं, असं तिनं बारा वर्षं केलं.

बारा वर्षं झाली की शास्त्र सांगतं, माणूस आला नाही तर त्याचं करून टाका. बळवंताच्या मनात ते आलं नसतं कदाचित, पण त्याच्या मुलीचं, कुंदाचं लग्न ठरत होतं, आणि मुलाकडच्यांनी शंका काढली की तुमच्या घरात एक माणूस ना जिता ना मेला, अशा अर्धवट घरात आम्ही अक्षता कशा टाकायच्या. बळवंताच्या बायकोनं, जमुनानं, मग धोशाच लावला. शालूला विचारायचं काम बळवंताकडे आलं. ती विहिरीवर होती. तिनं ऐकून घेतलं, कळशी भरली आणि म्हणाली, “मला अजून तसं वाटत नाय, भावजी. पण पोरीच्या आड मी येनार नाय.” बळवंतानं त्यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं. माणूस आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतो, त्यात बळवंत काही जगावेगळा नव्हता.

मेल्याचं प्रेत नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करतात. देठांचे हातपाय, त्यावर पानं बांधायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, वर पंचा पांघरायचा, नाव घ्यायचं आणि अग्नी द्यायचा. घिवलीला पळस कुठला, तिथे सगळी सुरू आणि माड. पानं आणून दिली देवूनं. देवू हा मनोरकडच्या डोंगरातला. पाऊस संपला की त्याची नाचणी निघते आणि मग तो खाली वाडीवर कामाला येतो, असं बरीच वर्षं चाललेलं. त्यानं पानं त्याच पहाटे तोडली होती. दव पडलेली, हिरवी, जिवंत पानं ती. भटजींनी कापूर घातला, तूप घातलं, बळवंतानं रॉकेल ओतलं, पण पुतळा काही धडपणे पेटेना. नुसता धूर. नारळ फुटला, पंचा जळला, पानांच्या कडा करपल्या, आणि तेवढ्यात भरतीचं पाणी जवळ आलं. भटजी म्हणाले, झालं, समुद्र घेईल बाकीचं. इकडे घरी बायकांनी शालूचं कुंकू पुसलं. इतक्या वर्षांच्या कुंकवानं कपाळावर काळसर वर्तुळ पडलं होतं, ते काही पुसलं गेलं नाही.

आता खरी चूक. अग्नी दिल्यावर तिथल्या तिथे डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि ओलेत्यानं घरी यायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी क्लबात मुंबईचे पाहुणे यायचे होते आणि सेक्रेटरीसाहेबांनी बजावलं होतं, उशीर चालणार नाही. बळवंतानं हिशेब केला. आपण दिवसभर पाण्यातच तर असतो, वेगळी आंघोळ कशाला? तो तसाच सायकलवर बसला, अंगाला धुराचा वास, केसांत राख. क्लबात अजून कुणी आलं नव्हतं. त्यानं खोल बाजूला उडी घेतली, तळापर्यंत गेला, भावाचं नाव घेतलं आणि वर आला. मेलेल्याचं पाणी त्यानं तलावात सोडलं. आता बोला! वर येताना त्याला खाली पाण्यात धुराचा वास आला. पाण्यात वास कसा येईल, म्हणून त्यानं डोकं झाडलं आणि कामाला लागला.

पौष सरता सरता पहिला डाग दिसला, उडी मारायच्या फळीच्या बरोबर खाली. तपकिरी, हलका. बळवंतानं बुडी मारून जवळून बघितलं. पानांचे ठसे होते ते. शिरा न् शिरा उमटलेली. एका देठाला तीन पानं, दुसऱ्या देठाला तीन पानं, एकावर एक रचलेली. पळसाला पानं तीनच, कुठंही जा. पण क्लबात पळस नव्हता, बोईसरात नव्हता, आणि तळाशी पानही नव्हतं, नुसता ठसा. त्याहून वाईट म्हणजे त्या ठशांचा मिळून जो आकार झाला होता तो दोन पावलांचा होता. टाचा, बोटं, सगळं. तलावाच्या खालून कुणी तरी सिमेंटला तळवे लावून उभं असावं, तसे.

बळवंत वर आला तेव्हा त्याला थंडी वाजत होती. पण त्याच्याकडे विद्या होती. तपकिरी, म्हणजे पाल्याचा. त्यानं पायमोजे भरले, दोऱ्या बांधल्या, दोन पावलांवर दोन सोडले. सकाळी तळ लख्ख. त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली आणि क्लबाच्या कँटीनमध्ये जाऊन दोन कप चहा प्यायला.

त्याच आठवड्यात देवू डोंगरातून परत आला आणि वाडीच्या कुंपणाशी घुटमळत राहिला. त्यानं जे सांगितलं ते असं. मनोरच्या नाक्यावर एक माणूस आलाय. कोण, कुठला, कुणाला माहीत नाही. दाढी पिकलेली, पण नाक, कपाळ, उभं राहायची ढब तुमचीच. तो येणाऱ्याजाणाऱ्याला घिवलीची वाट विचारतो. लोक सांगतात. चालू लागतो, थोडा पुढे जातो, आणि पाय जणू वाट विसरतात तसा वळून परत नाक्यावर येतो आणि परत विचारतो. गेले काही दिवस हेच. आधी असा नव्हता म्हणे, गुजरातेतून नीट चालत आला होता.

खरं तर बळवंतानं त्याच पावली मनोरची यष्टी पकडायला हवी होती. सख्खा भाऊ होता! पण कुंदाचा साखरपुडा झाला होता. जिवंत माणसाला जाळलं असं उठलं तर मुलाकडचे काय म्हणतील, गाव काय म्हणेल, आणि शालूला काय तोंड दाखवायचं? भीती फार वाईट, ती माणसाला दुष्ट करत नाही, नुसतं उद्यावर ढकलायला शिकवते. बळवंत देवूला म्हणाला, दारूबिरू प्यायलेला असेल कुणी, घरात बोलू नकोस. देवूनं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं.

माघात दुसरा डाग आला. पावलांच्या जागेपासून पुरुषभर अंतरावर, दोन बाजूंना दोन हात, पंजे उघडे. पुन्हा तीच तीन तीन पानं. आता क्लबातली पोरं खोल बाजूला पोहायला जाईनात. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, डाग वरून नीट दिसतही नव्हता, पण पोरं दोरीपाशी येत आणि मागे फिरत. एकानं आईला सांगितलं की तिकडे पाणी हात लावतं. सेक्रेटरीसाहेब बळवंतावर उखडले, की तुझं लक्ष कुठे असतं.

त्यानं ब्लीचिंग सोडलं. या वेळी डाग गेला नाही, काळा पडला. म्हणजे धातू. बळवंताला हायसं वाटलं हो! बोअरचं पाणी आहे, त्यातलं काही तरी उतरलंय, पानांबिनांचा आपल्याला भास झाला. मनी वसे ते स्वप्नी दिसे. त्यानं लिंबूसत्त्वाच्या पुड्या आणल्या, बुड्या मारमारून दोन्ही पंजे चोळले. बोटं गेली, तळवे गेले. चोळताना एकदा त्याला वाटलं, खालचं सिमेंट मऊ आहे आणि कोमट आहे. तो तडक वर आला. पण काम पुरं केलं त्यानं, मध्ये सोडलं नाही.

देवू पुन्हा आला. तो माणूस आता नाक्यावरच्या एका हॉटेलात पडून असतो, सांगत होता. मालकानं दया येऊन ग्लास धुवायला ठेवला होता, पण हातातून सगळं सुटतं. देवूनं त्याचे हात बघितले होते. “त्याच्या हातावर रेघ नाय, बळवंतभाऊ,” देवू म्हणाला. “एक पन रेघ नाय. पुसून काढल्यावानी.”

पावलं पुसली तेव्हा पाय वाट विसरले. हात पुसले तेव्हा हातावरच्या रेषा गेल्या. हे समजायला काही शाळा शिकावी लागत नाही. तो ओट्यावर बसला, आणि तेव्हा त्याला दिसलं की शालू दाराच्या आत उभी आहे आणि तिनं सगळं ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याचा डबा घेऊन क्लबात आली. बारा वर्षांत ती बोईसरला चार वेळा आली नसेल. क्लब सोमवारचा बंद होता, सगळीकडे ऊन आणि शांतता. पाणी जरा हलत नव्हतं. ती काठानं चालत खोल बाजूला गेली आणि थांबली. तिसरा डाग आला होता. बळवंतानं सकाळी बघितला होता आणि तेव्हापासून तो पंपाच्या खोलीतून बाहेर आला नव्हता. छाती, खांदे, मान, आणि डोकं, त्या डोक्याला अजून नाकडोळे नव्हते, पण येतील असं वाटत होतं.

शालू बराच वेळ बघत राहिली. ती रडली नाही, घाबरली तर मुळीच नाही. उलट तिचा चेहरा असा झाला होता की बळवंताला बघवेना. मग ती त्याच्याकडे वळली.

“हे पुसू नका, भावजी,” ती म्हणाली. “ते येतायत. जेवढे आलेत तेवढे राहू द्या, आणि उद्या मनोरला जाऊन त्यांना घेऊन या. पाय नसले तर मी धरून चालवीन, हात नसले तर मी भरवीन. एवढं पुसू नका.”

“नाय पुसत, वयनी,” बळवंत म्हणाला. आणि म्हणताना त्याचा इरादा खरंच तसा होता.

ती गेली, आणि तासाभरानं सेक्रेटरीसाहेब आले. रविवारी पोहण्याच्या शर्यती होत्या, आसपासच्या सगळ्या कारखान्यांचे साहेब यायचे होते. त्यांनी काठावरून डाग बघितला. आता तो वरूनही दिसत होता. ते काही ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, आज तलाव उपस, उद्या ॲसिड मार, परवा भर. नाहीतर मी मुंबईहून माणसं बोलावतो, ती सगळा तळच तासून काढतील. बळवंतानं मनाची समजूत घातली. दुसऱ्या कुणी तासण्यापेक्षा आपल्या हातानं, हलक्या हातानं केलेलं काय वाईट? डोक्यात एक विचार येतो, तो बरा वाटतो, आणि माणूस त्याच्या पाठीवर बसून पाहिजे तिथे जातो.

मंगळवारी सकाळी तो रिकाम्या तलावात उतरला. चार भिंती, वर पांढरं आकाश, आणि पायाखाली त्याचा भाऊ. पाणी नसलं की डाग फिका दिसतो, पण हा गडद झाला होता. करपलेल्या पानांच्या कडा वेगळ्या मोजता येत होत्या. सगळीकडे ओल्या धुराचा वास. बळवंतानं तोंडाला फडकं बांधलं, ॲसिड पाण्यात मिसळलं आणि डोक्यापासून सुरुवात केली. चेहरा यायच्या आत घालवलेला बरा, हा त्यातला हिशेब. ॲसिड फसफसलं, पांढरा फेस आला, ब्रश फिरला, डोकं गेलं. मग मान. मग छाती. छातीला फार वेळ लागला. डाव्या बाजूला एक जागा होती, तिथलं पान जाता जाईना, त्यावर त्यानं दोनदा, तीनदा ओतलं. फेस खाली बसायचा आणि पान तिथंच असायचं. शेवटी त्यानं गुडघे टेकून दोन्ही हातांनी घासलं, तेव्हा ते गेलं. हातमोजे फाटले, हात सोलून निघाले, ते त्याला नंतर कळलं.

मग तो खांद्याशी आला. आणि तिथे त्याचा हात थांबला.

त्या खांद्यावर तो बसला होता. बाप गेला त्या साली बळवंत लहान होता, खाडीपलीकडे शाळा होती, आणि ओहोटीच्या चिखलातून नरहरी त्याला खांद्यावर घेऊन पलीकडे पोचवायचा. स्वतः शाळेत गेला नाही, ह्याला पोचवून परत वाडीला पाणी लावायला यायचा. खेकडा चावला तर ओरडायचाही नाही, खांद्यावरचं पोर घाबरेल म्हणून. हे सगळं बळवंताला असं एकाएकी आठवलं की तो रिकाम्या तलावात बसून मोठमोठ्यानं रडला. ॲसिडची बादली त्यानं बाजूला सारली. तेवढा खांदा ठेवला त्यानं. साहेबांना सांगितलं, आणखी ॲसिड मारलं तर तडा जाईल. ते खोटंही नव्हतं.

कपडे बदलले आणि तो तसाच मनोरला गेला. आता त्याला कुणाची भीती वाटत नव्हती, ना मुलाकडच्यांची, ना गावाची. हॉटेलाच्या मागे पेट्यांवर एक म्हातारा वाटावा असा माणूस ऊन खात बसला होता. चेहरा गुळगुळीत, शांत, तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. बळवंत समोर उभा राहिला. त्या माणसानं वर बघितलं, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

“बळ्या,” तो म्हणाला. “किती वाळलास रे.”

देवा रे देवा, बळवंताला काय झालं असेल! त्यानं भावाला मिठी मारली, त्याचे हात हातात घेतले. तळवे खरंच धुतलेल्या पाटीसारखे होते. असू देत. यष्टीत नरहरी सगळ्या वाटेवर बोलत होता, खाडीचं, चिखलाचं, खेकड्यांचं, बळ्याच्या शाळेचं, बळ्याला गोवर आला होता त्याचं. बारा वर्षं कुठे होता हे त्याला सांगता येत नव्हतं, पण जुनं सगळं लख्ख होतं. पालघर गेलं, बोईसर आलं. शालूचं नाव बळवंतानं काढलं नाही. कुठल्या तोंडानं काढणार? घरी गेल्यावर ती दोघं बघून घेतील, असं त्याला वाटलं.

घिवलीत जत्रा लोटली. भटजींनी पोथी बघितली आणि सांगितलं, ज्याचं दहन झालंय तो परत आला तर त्याला जन्मापासून सुरुवात करावी लागते. उंबरठ्याबाहेर आंघोळ, मग तोंडाला मध-तूप, मग बारसं, आणि शेवटी त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न. बायकांना ते फारच आवडलं. कुंदाच्या सासरचे तर म्हणाले की असा शकुन लाखात एकाला होतो, एकाच मांडवात दोन्ही लग्नं लावू. बळवंत ज्याला भ्याला होता ते असं निघालं. जमुनानं पेटीतलं शालूचंच पोपटी लुगडं काढून दिलं. ती नको नको म्हणाली, मग नेसली. तिच्या निऱ्या नीट येत नव्हत्या, आणि बायका हसत होत्या, कितीदा नवरी होशील गं म्हणून.

नरहरीला वाडीत माडाखाली पाटावर बसवलं होतं. चुलीवरचं पाणी काढून शालूच घंगाळ घेऊन आली. लोकांनी वाट दिली. तिनं घंगाळ त्याच्यासमोर ठेवलं आणि मान वर करून, तेरा वर्षांपूर्वी बघायची तशी, सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

नरहरीनं अंग चोरलं. परकी बाई जवळ आली की भला माणूस जसा पाय आखडून घेतो, तसे त्यानं पाय आखडून घेतले. मग तो भावाकडे वळला.

“बळ्या, ही बाई कोण रे?” त्यानं हळूच विचारलं. “माझ्याकडे अशी काय बघतेय?”

शालूनं बळवंताच्या सोललेल्या हातांकडे बघितलं, बोटांपासून मनगटापर्यंत, सावकाश. तिला विचारायचं काही उरलं नाही. तिनं पोपटी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

“मी होय? मी ह्यांच्याकडं कामाला असते,” ती नवऱ्याला म्हणाली. “पानी निवतंय. आंगोळ करून घ्या.”